इलेक्ट्रिक गिटार घेण्याआधी

नागपूर,
रविवार सकाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला आणि फोन न करता सरळ पत्र लिहायला बसलो. फोनवर हे सगळं घाईत होतं, आणि दुकानात उभा असताना तुला पुन्हा काढून वाचता यायला हवं.

बदली नागपूरला झाली, त्रिमूर्तीनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला आणि कॉलेजनंतर सुटलेली गिटार आता पुन्हा हातात घ्यायची, तीही इलेक्ट्रिक. फार आनंद झाला रे. ३० हजारांत काम नीट होईल. पण तू पाठवलेले दोन फोटो मला पटले नाहीत. १०० वॉटचा अ‍ॅम्प आणि लॉकिंग ट्रेमोलोवाली (दांडीने सूर हलवता येतो आणि तारा स्क्रूने आवळलेल्या असतात ती) टोकदार गिटार. स्टेजवर वाजवणाऱ्याला दोन्ही उपयोगी. तुला वाजवायचंय घरी, ऑफिसातून आल्यावर, जेवणं झाल्यावर, शेजारी आई झोपलेली असताना.

बहुतेक जण आधी गिटार ठरवतात आणि उरलेल्या पैशात मिळेल तो अ‍ॅम्प उचलतात. तू अ‍ॅम्पपासून सुरुवात कर. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळपास नसतोच. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची केसासारखी बारीक तार. वरची स्टीलची तार थरथरली की त्या कॉइलमध्ये इवलासा विद्युतदाब तयार होतो. तो ऐकण्याजोगा करायचा आणि त्याला रंग द्यायचा, हे काम अ‍ॅम्पचं. म्हणजे अर्धं वाद्य तिथेच आहे. भारी गिटारसुद्धा रद्दड अ‍ॅम्पवर रद्दडच वाजते, आणि साधी गिटार बऱ्या अ‍ॅम्पवर खाली ठेववत नाही.

वॉटच्या आकड्याला भुलू नको. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. आता १० वॉटचाच अ‍ॅम्प दहा बाय बाराच्या खोलीत पूर्ण उघडता येत नाही, तर १०० वॉटचा तू कायम १ वर ठेवून बसशील. तिथे बटण केसभर सरकलं तरी आवाज उसळतो. व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पचंही तसंच. त्याची खरी गोडी तो दाबून चालवल्यावर बाहेर येते, आणि फ्लॅटमध्ये ती संधी क्वचितच मिळते. हा मोह सध्या बाजूला ठेव.

बघण्यासारखे अ‍ॅम्प सांगतो. फेंडरचा फ्रंटमन १०जी हा १० वॉटचा, ६ इंची स्पीकरचा, अगदी साधा डबा. स्वच्छ आवाज बरा, ओव्हरड्राइव्ह (मुद्दाम थोडा फाटवलेला आवाज) मला आवडत नाही. ऑरेंजचा क्रश २० घेतलास तर ८ इंची स्पीकर मिळतो आणि खालच्या तारांना अंग येतं. स्पीकरच्या दोन इंचांचा फरक वॉटच्या फरकापेक्षा जास्त जाणवतो, हे स्वतः ऐकून पाहजो. बॉसचा कटाना मिनी ७ वॉटचा, ४ इंची, सहा पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे लाइट गेली तरी रियाज थांबत नाही. यामाहाची टीएचआर मालिका तर घरासाठीच केलेली आहे आणि हळू आवाजात ती इतकी भरीव वाजते की पैसे असते तर मी तुला तीच घे म्हटलं असतं, पण तुझ्या बजेटमध्ये गिटारसाठी मग काही उरणार नाही. माझं मत क्रश २० ला.

कुठलाही घे, पण दुकानात तो हळू आवाजात ऐक. विक्रेता जोरात वाजवून दाखवतो, आणि जोरात सगळेच अ‍ॅम्प छान वाटतात. रात्री दहानंतर घरी जेवढा ठेवशील तेवढ्यावर आण आणि मग वाजव. काही अ‍ॅम्पचा आवाज तिथे पार मरतो.

हेडफोनची जागा हवीच, आणि हेडफोन वायरचा. ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला सेकंदाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही जास्त उशीर होऊ शकतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, वाजवताना तार छेडली की आवाज मागून येतो आणि लयच सुटते. ऑक्स इन (मोबाइलसारखा बाहेरचा आवाज जोडायची जागा) असेल तर मोबाइलवरून तानपुरा किंवा तबला लावून बसता येईल. तुझा कान सुरात पक्का आहे, त्याचा तुला फायदा होईल. घरातल्या होम थिएटरला गिटार जोडायचा विचार मात्र सोड. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचं फारसं वाजवत नाही, म्हणून डिस्टॉर्शन (त्याहून जास्त फाटवलेला आवाज) कानाला सुसह्य होतं. होम थिएटर ते सगळं वाजवतं, आणि कान किटतात.

मेहुण्याचा अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प फुकट मिळतोय म्हणालास. मागची पट्टी वाच. १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टला लावू नको, जळेल.

विजेवरून आठवलं, हे मनावर घे. गिटारच्या तारा ब्रिजमधून (बॉडीवर तारा टेकतात त्या धातूच्या भागातून) अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवताना तुझे हात थेट अर्थिंगवर असतात. कूलरचा करंट लागून जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात, तुला सांगायला नको. घरात सामान लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घे, आणि अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते सोसायटीत विचार. मे महिन्यात तो कोरडा पडतो, त्यात पाणी टाकत राहावं लागतं. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन काढून काम भागवायचं नाही.

आता गिटार. पहिला प्रश्न पिकअपचा. सिंगल कॉइलचा आवाज टिणटिणीत, सुटा, फार देखणा. पण एकच कॉइल असल्यामुळे ती घरातल्या विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुणही पकडते. कूलरची मोटर, पंख्याचा रेग्युलेटर, इन्व्हर्टर चालू असला की हमिंग येतंच, आणि नागपुरात मार्च ते जून कूलर बंद ठेवून कोण वाजवणार? यावरच गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ साली हंबकर काढला. उलट्या गुंडाळीच्या, उलट्या चुंबकध्रुवांच्या दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवल्या. विजेची गुणगुण दोन्हींत विरुद्ध येते आणि एकमेकींना मारते, तारेचा सूर मात्र जुळून येतो. आवाज जाड आणि उबदार होतो.

तुला अजून नक्की काय वाजवायचं ते ठरलेलं नाही, म्हणून ब्रिजजवळ हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी, एचएसएस म्हणतात ती मांडणी घे. यामाहाच्या पॅसिफिका ०१२ आणि ११२ तशाच आहेत. ११२ बसली बजेटमध्ये तर उत्तम. स्क्वायर म्हणजे फेंडरचंच स्वस्त भावंड, एपिफोन म्हणजे गिब्सनचं. फेंडर पद्धतीच्या गिटारची स्केल (तारेची वाजणारी लांबी) साडेपंचवीस इंच, गिब्सन पद्धतीची पाऊण इंचाने कमी. कमी स्केलवर तारा जरा सैल लागतात, बोटांना सोपं जातं. इतक्या वर्षांनी वाजवणार आहेस, तेव्हा ०.००९ चा (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच जाडीची) तारांचा सेट लावून घे. लॉकिंग ट्रेमोलो मात्र नको. एक तार तुटली की सगळा तोल बिघडतो, आणि तार बदलायला अ‍ॅलन की घेऊन अर्धा तास बसावं लागतं. तुला संध्याकाळी मिळणार एक तास, तो वाजवण्यात जाऊ दे. लाकूड कुठलं यावर लोक खूप भांडतात. या किमतीत मी त्याकडे बघत नाही, नेक (गिटारचा दांडा) आणि सेटअप (तारांची उंची, सुरांची जुळणी) बघतो.

नेक असा बघायचा. गिटार प्लग न करता मांडीवर घे. डाव्या हाताने पहिला फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) दाब, उजव्या हाताने जिथे नेक बॉडीला मिळते तिथला दाब. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात जाड कागद जाईल एवढी फट दिसायला हवी. तार टेकलीच असेल किंवा फट नाणं जाण्याइतकी असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवून मागायचा, आणि तरी सुधारलं नाही तर दुसरी काढा म्हणायचं. मग तळहात नेकच्या कडेवरून खालून वर फिरव. आपल्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोचतात. दमट हवेत बनून आलेल्या नव्या गिटारमध्ये हे हमखास सापडतं. थोडं असेल तर कानस मारून जातं. नंतर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर मिळव. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजव, विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे. शेवटी प्लग करून व्हॉल्यूम-टोनची बटणं पूर्ण फिरव, खरखर येते का ऐक, आणि केबल जॅकमध्ये हलवून बघ.

त्याच मॉडेलच्या दोन असतील तर दोन्ही हातात घे. एका कारखान्यातून, एका महिन्यात निघालेल्या गिटारीही सारख्या नसतात. रंगावरून निवडू नको म्हणत नाही, जी बघून उचलावीशी वाटते ती जास्त वाजते. पण आधी नेक.

घरी आणल्यावर कूलरच्या समोर टांगू नको. ओल्या हवेने तारा गंजतात आणि कूलर लावला-बंद केला की नेक हलत राहते. बॅगेत घालून आतल्या खोलीत कपाटाजवळ ठेव. पाऊस सुरू झाला की अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बदललेली जाणवेल. ट्रस रॉडला एका वेळी पाव फेराच द्यायचा आणि पुढचा दुसऱ्या दिवशी.

पैशांचं गणित असं कर: अठरा-एकोणीस हजार गिटारला, आठ-नऊ हजार अ‍ॅम्पला, बाकी बरी केबल, क्लिपचा ट्यूनर, पट्टा, जादा तारा आणि सेटअपची मजुरी. केबलमध्ये काटकसर करू नको, स्वस्त केबलचा जॅक लवकर ढिला होतो. किमती वर-खाली असतील तर अ‍ॅम्प जुना घेऊ, गिटार नवी.

बर्डीवर आणि सदरला दुकानं आहेत. सकाळी उघडल्याबरोबर जाऊ, संध्याकाळी गर्दीत काही ऐकू येत नाही. सामान लागलं की शनिवार मोकळा ठेव आणि आदल्या दिवशी फोन करजो. येताना तुझा वायरचा हेडफोन घेऊन ये, आणि डाव्या हाताची नखं कापून ये.

काकूंना नमस्कार सांग. कळावे, लोभ असावा.

तुझा,
नागपूरचा मित्र