पायलट ऑफिसर म्हणजे वैमानिक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, दुसऱ्या महायुद्धातल्या कॅनेडियन अँड्र्यू मिनार्स्कीवरचा लेख मोठ्या उत्सुकतेने उघडला आणि दुसऱ्याच ओळीत अडलो. 'शूर वैमानिक मिनार्स्की'! अहो, मिनार्स्की वैमानिक नव्हता. पायलट ऑफिसर हा त्याचा हुद्दा. काम गनरचं, म्हणजे लँकेस्टर बॉम्बरच्या पाठीवरच्या टरेटमध्ये, फिरत्या बंदूक-कक्षात, बसून बंदुका चालवण्याचं.

शब्दाचा कीस काढतोय असं कृपया समजू नका. १३ जून १९४४ च्या त्या रात्री फ्रान्समधल्या कांब्रेवर बॉम्बहल्ल्याला जाताना जर्मन लढाऊ विमानाने गोळ्या घातल्या, डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली आणि आग लागली. विमान सोडायचा हुकूम देणारा वैमानिक होता आर्ट डी ब्रेन. इतरांना उड्या मारता याव्यात म्हणून तो पुढे विमान सावरत बसला होता. मिनार्स्की मागे होता आणि बाहेर पडायचं दार त्याच्यापासून चार पावलांवर. तेवढ्यात त्याला शेपटीतला गनर पॅट ब्रॉफी टरेटमध्ये अडकलेला दिसला. इंजिनांबरोबर टरेट फिरवणारं हायड्रॉलिक्स गेलेलं, हाताने फिरवायचा दांडाही मोडलेला. मिनार्स्की आगीतून रांगत गेला, कुऱ्हाड चालवली, मग नुसत्या हातांनी ओढत राहिला. शेवटी ब्रॉफीनेच त्याला परत जा म्हणून खुणावलं. कपडे पेटलेले असताना तो ताठ उभा राहिला, सॅल्यूट केला आणि मग उडी मारली. भाजल्यामुळे तो गेला, वय २७. विमान कोसळूनही ब्रॉफी मात्र वाचला, म्हणून तर ही हकीकत जगाला कळली आणि १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

त्याला वैमानिक केलंत की या हकीकतीला अर्थच उरत नाही. शिवाय डी ब्रेनचं श्रेयही गेलं.

मला हे लागलं, कारण मी एकवीस वर्षं वायुदलात आर्मामेंट फिटर, म्हणजे विमानांवरची शस्त्रं सांभाळणारा, होतो. लग्नकार्यात 'वायुदलात होतो' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'कुठलं विमान उडवायचात?' उडवत नव्हतो म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. बॉम्बर कमांड या ब्रिटनच्या बॉम्बफेकी दलाचे ५५,५७३ जण त्या युद्धात गेले. त्यात वैमानिकांपेक्षा इतरच कितीतरी जास्त असणार, कारण सात जणांच्या लँकेस्टरमध्ये वैमानिक एक आणि गनर दोन.

लेकीकडे कॅनडाला गेलो होतो, तेव्हा हॅमिल्टनच्या संग्रहालयातलं लँकेस्टर मुद्दाम पाहून आलो. ते अजून उडतं, आणि त्यावर मिनार्स्कीच्या विमानाचीच व्हीआर-ए ही ओळखीची अक्षरं रंगवलेली आहेत. शेपटीच्या टरेटसमोर मी बराच वेळ उभा होतो. तिथे माणूस कोंबूनच बसवावा लागत असणार. पॅराशूटलाही आत जागा नाही, ते बाहेर ठेवायचं. जाताना बायकोने हात धरून बाजूला नेलं, कारण मला बोलता येत नव्हतं.

आणि लेखासोबतचं छायाचित्र! लँकेस्टरच्या शेपटीवर दोन उभी पाती असतात. तुम्ही छापलेल्या विमानाला एकच आहे, ते अमेरिकी बी-१७ आहे. छापण्यापूर्वी कुणालाच दाखवलं नाही का?

दुरुस्ती छापाल ती कृपया पुरवणीतच छापा, आतल्या पानावर जाहिरातींच्या खाली नको. आणि त्यात 'गनर' हा शब्द असू द्या.

आपला,
एक निवृत्त वायुसैनिक, पुणे