वेल्डिंगचा मास्क माझ्या हाती देऊन पाठ फिरवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

समोर उभी राहून आभार मानले, तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणाल आणि पुन्हा ग्राइंडर हातात घ्याल. म्हणून हे लिहून सांगते आहे, आणि चारचौघांच्या देखत सांगते आहे. माझ्या हातून वेल्डिंगची पहिली चौकट पूर्ण झाली. शेवटच्या कोपऱ्यावरचा स्लॅग, म्हणजे जोडावर थिजलेली खपली, हातोडीनं उडवला, तारेचा ब्रश मारला, आणि खालून एकसारखी, सलग रेघ निघाली. ती बघताना तुमची आठवण झाली आणि घसा दाटून आला. अजूनही लिहिताना तसंच होतंय.

तुमच्याकडे येण्याआधी माझं बऱ्याच जणांना विचारून झालं होतं. मला काय हवंय ते नेमकं सांगत होते: घरी सराव करायचा आहे, साधा लोखंडी अँगल आणि चौकोनी पाइप जोडायला शिकायचं आहे, वेल्डिंगचा रॉड, म्हणजे लेप दिलेली काडी, ज्यात धरतात तो होल्डर आजवर कधी धरलेला नाही. एका दुकानात मी प्रश्न विचारला आणि उत्तर माझ्या भावाला मिळालं. तो नुसता सोबत आला होता. "साहेब, मोठंच मशीन घ्या, म्हणजे परत बघायला नको." दुसरीकडे मिग, म्हणजे गॅसच्या आवरणाखाली तारेनं जोडणारं मशीन, घ्या म्हणाले, गॅसचा सिलिंडर कुठे ठेवणार, काम उघड्यावर आहे की आत, वारा असला तर गॅसचं काय होईल, यातला एक शब्द नाही. आणखी एका माणसानं, ज्याचा हात या कामात मुरलेला आहे, मान हलवून एवढंच सांगितलं की हे घरी बसून शिकायचं काम नाही. तो माणूस दोन वाक्यांत मला खूप काही देऊ शकला असता.

त्यांनी मशीन विकायचा प्रयत्न केला याचा मला राग नाही. धंदा आहे, विकणारच. पण ज्या बाईनं कधी आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंडामधला विजेचा झगझगीत जाळ, पेटवलेला नाही तिला यंत्र विकताना डोळ्यांविषयी कुणी चकार शब्द काढत नाही, हे मला आजही पटत नाही. उघड्या डोळ्यांनी आर्क बघितला तर लगेच काही कळत नाही. काही तासांनी, बहुतेकदा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू होते. हे मला तुमच्याकडून कळलं, मशीन घ्यायच्या आधी. बाकीच्यांनी ते माझं मला, दुखल्यावर कळू दिलं असतं.

तुम्ही मशीनचं नावही काढलं नाहीत. आधी विचारलंत, "ताई, जोडायचं काय आहे? केवढं जाड?" मग विचारलंत, घरातला सॉकेट कुठला आहे. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या घरातल्या वायरीचा विचार करत होतं. 230 व्होल्टच्या 16 अँपिअर सॉकेटवर अडीच मिलिमीटरचा रॉड 70-80 अँपिअरवर निवांत चालतो. तिथेच मोठं मशीन पूर्ण ताकदीनं चालवायला गेलं तर ब्रेकर पडत राहणार. म्हणजे मला जे "परत बघायला नको" म्हणून सुचवलं जात होतं, त्याची निम्मी ताकद माझ्या भिंतीतून बाहेरच आली नसती. एवढी साधी गोष्ट सांगायला कुणाचं काय गेलं असतं?

मग तुम्ही तुमचं स्वतःचं मशीन फिरवून मागची पाटी दाखवलीत. वरचा मोठा आकडा अंगठ्यानं झाकलात आणि म्हणालात, "हा विसरा. आता बाकीचं वाचा." 200 अँपिअरखाली 30 टक्के लिहिलेलं होतं. दहा मिनिटांतली तीन मिनिटं चालेल, उरलेली सात थंड व्हायला द्यायची. शेजारच्या रकान्यात 100 टक्क्यांखाली, म्हणजे न थांबता चालवायला, जेमतेम 110. "तुमचा रॉड ऐंशीच्या आतला. तुम्हाला हा शेवटचा रकाना बघायचा." त्या दिवसापासून मी कुठल्याही मशीनचं नाव आधी वाचत नाही, पाटी वाचते. नावात 250 आणि पाटीवर त्याहून बरंच कमी, अशीही मशीनं बघितली. ती मला विकायला निघालेल्यांना पाटी वाचता येत नव्हती असं मी मानत नाही.

पण काका, मला आभार मानायचेत ते पाटीचे नाहीत. ती माहिती आज ना उद्या कुठेतरी मिळाली असती.

"एकदा पेटवून बघा, मग ठरवा," म्हणालात. आणि मास्क एकच होता. दुसरा हातात धरायचा जुना होता, पण त्याची काच तडकलेली. तो तुम्ही मला दिला नाहीत आणि स्वतःही वापरला नाहीत. तुमचा रोजचा, आपोआप काळा होणारा मास्क तुम्ही डोक्यावरून काढलात, आतली घामाची पट्टी स्वच्छ फडक्यानं पुसलीत, पट्टा माझ्या मापाला घट्ट करून दिलात. हातमोजेही दिलेत. कामावरच्या मुलाला म्हणालात, "तिकडे तोंड कर रे." आणि तुम्ही स्वतः माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात.

मला वाटलं, आता शिकवणार कसं? बघणारच नाहीत तर?

तुम्ही ऐकत होतात. मी रॉड घासला, ठिणगी उडाली आणि चिकटला. "मनगट वळवा, सुटेल." सुटला. पुन्हा पेटला, फडफडायला लागला. "लांब गेलात." मी जवळ नेला, आवाज दबला. "आता टेकलात, उचला थोडं." मग मधेच कुठेतरी तो आवाज आला, तळणीत टाकल्यावर होतो तसा सलग चुरचुराट, आणि तुम्ही भिंतीकडे बघतच म्हणालात, "हां. हाच. हाच धरा. आणि हात नुसता पुढे नको, खाली पण. रॉड संपतोय ना, त्याच्याबरोबर खाली या."

कितीतरी व्हिडिओ बघून मला जे समजलं नव्हतं ते त्या वाक्यात समजलं. रॉड जळत जळत तोकडा होत जातो. मी तो आहे तेवढाच लांब आहे असं धरून हात नुसता सरकवत होते, म्हणून दर वेळी आर्क लांबायचा आणि तुटायचा. साडेतीनशे मिलिमीटरची काडी साधारण मिनिटाभरात संपते. त्या मिनिटात हात एकाच वेळी पुढेही जायला हवा आणि खालीही यायला हवा, आणि ते डोळ्याच्या आधी कानाला कळतं.

तुम्ही पाठ फिरवलीत ती डोळे वाचवायला, हे मला ठाऊक आहे. तरी त्या पाठीनं माझ्यासाठी काय केलं ते तुम्हाला कदाचित माहीत नसेल. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस खांद्यावरून वाकून बघत असता, तर माझा हात आखडला असता. तुम्ही माझा वेडावाकडा जॉब बघतच नव्हतात. तुम्ही मला तुमच्या कमाईचं अवजार दिलं होतंत, हातातलं काम थांबवलं होतंत, आणि मला हे जमणार आहे असं धरून चालला होतात. असं धरून चालणारे तुम्ही पहिले.

त्यानंतर मशीन निवडणं अवघड राहिलंच नाही. रॉड चिकटणं म्हणजे काय हे हाताला कळलं होतं, त्यामुळे अँटी-स्टिक (रॉड चिकटला की करंट तोडणं) आणि हॉट स्टार्ट (पेटवताना क्षणभर जास्त करंट देणं) हे शब्द नुसते जाहिरातीचे उरले नाहीत. मी लहानसं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारं, घेतलं, एका हातानं उचलता येईल असं. तुमच्या जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर तुमचा जीव आहे आणि तो का आहे तेही तुम्ही सांगितलंत: वर्षानुवर्षं मार खातं, बिघडलं तर कुणीही उघडून दुरुस्त करतं. तरीही माझ्यासाठी इन्व्हर्टरच म्हणालात, कारण घरच्या लाइनीवर त्याचा भार कमी आणि नवख्या हाताला त्याचा आर्क धरायला सोपा. स्वतःच्या आवडीच्या विरुद्ध, समोरच्याच्या सोयीचं सांगणारी माणसं किती असतात? तुम्ही हेही बजावलंत की ग्राइंडरचा लोखंडी भुगा पंख्यातून आत गेला की इन्व्हर्टरचं आतलं सर्किट शॉर्ट होतं. माझा ग्राइंडर आता अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चालतो. एक्स्टेन्शनची वायर जाड आहे, आणि वापरताना गुंडाळी पूर्ण सोडलेली असते.

उरलेले पैसे मास्कमध्ये घातले, तुम्ही सांगितलंत तसेच. शिवाय चामड्याचे हातमोजे आणि जाड सुती सदरा. नायलॉन-पॉलिस्टर अंगावर नाही. गॅल्व्हनाइज्ड पाइपचा तुकडा कुणी फुकट देत होतं, तो घेतला नाही. जस्ताच्या धुरानं अंगात ताप भरतो हे तुम्ही सांगितलं होतंत, आणि फुकटच्या लोखंडाहून माझी छाती मला महत्त्वाची आहे.

रॉड 6013. पाकिटावरचा तो आकडा तुम्ही फोडून दाखवलात, तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण तोवर तो माझ्यासाठी नुसता मालाचा नंबर होता. 60 म्हणजे जोडाची ताकद, चौरस इंचाला साठ हजार पौंड ताण. 1 म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कुठल्याही बाजूनं चालेल. शेवटचा आकडा लेपाचा आणि करंटचा. "तारेपेक्षा लेपाचं मोल जास्त," म्हणाला होतात, आणि तो जळून वायू कसा होतो, वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून कसा झाकतो, ते सांगितलं होतंत. मी नंतर वाचलं. असा लेप दिलेला रॉड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्कर शेलबर्ग नावाच्या स्वीडिश इंजिनिअरनं काढला. त्यानं 1904 साली गोथेनबर्गमध्ये कंपनी काढली ती जहाजांच्या बॉयलरच्या दुरुस्तीतून आलेल्या गरजेपायी. तोही मूळचा दुरुस्ती करणारा. तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून इथे लिहिलं.

एक गोष्ट मनात राहते. तुम्ही मला मशीन विकलं नाहीत, तुमच्याकडे विकायला मशीन नव्हतंच. शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत. मी काढले तर हाताच्या इशाऱ्यानं आत ठेवायला लावलेत. त्या दिवशी गिऱ्हाइकाचं गेट तुमच्याकडे अर्धं पडलं होतं आणि ते संध्याकाळी न्यायला येणार होते. तुमचा वेळ मोकळा नव्हता. ज्यांचा मोकळा होता, काउंटरमागे पंख्याखाली, त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. चांगुलपणाला सवड लागते असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, लागतं ते एवढंच की समोरचा माणूस काय विचारतोय ते नीट ऐकून घ्यावं. तुम्ही तर भिंतीकडे तोंड करूनही ऐकलंत.

तुमच्यासारखी माणसं प्रत्येक कामात असतात आणि त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही. नव्या माणसाला ती हाकलत नाहीत, लाजवत नाहीत, घाबरवूनही ठेवत नाहीत. धोका असेल तो धोका म्हणून सांगतात आणि मग अवजार हातात देतात. कुठल्याही हातकामात पहिला दिवस कुणाच्या शेजारी गेला यावर पुष्कळ काही ठरतं. माझा तुमच्या शेजारी गेला, हे माझं मोठं नशीब.

आता पुढचं. 7018 चे रॉड इतक्यात घेऊ नका म्हणाला होतात, ते ओल धरतात आणि कोरडे ठेवायची सोय घरात नसते, घेतलेले नाहीत. सपाट जोड बऱ्यापैकी सुधारलाय. उभा मात्र अजून ओघळतो. करंट कमी करून पाहिला, तर नीट शिरत नाही. पुढच्या आठवड्यात दोन तुकडे घेऊन येते. या वेळी माझा मास्क मी आणीन आणि तुमचा तुमच्याच डोक्यावर राहील, म्हणजे तुम्हाला वळून बघता येईल. आणि तडकलेल्या हातमास्कसाठी त्याच मापाची, दहा नंबरच्या गडदपणाची नवी काच आणते आहे. त्याला नाही म्हणू नका.

तुमची,
त्या दिवशी तुमचा मास्क घातलेली ताई