तास भरले, प्रश्न राहिला

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पानावर हल्ली नव्या प्राप्तिकर कायद्याबद्दल बरंच छापून येतं. ते पगारदार, पेन्शनर आणि दुकानदार यांच्यासाठी असतं, आणि तसंच असावं. मी मात्र ज्यांच्याविषयी कुणी फारसं लिहीत नाही अशा जमातीबद्दल लिहितो आहे, म्हणजे माझ्याच. चाकणजवळच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख आहे. कंपनी लहान, पण शेअर बाजारात नोंदलेली. माझं वय 56, सीए होऊन 31 वर्षं झाली. या वयात, या खुर्चीत बसून आम्ही खरंच काही शिकतो, की नुसते तास भरतो?

तासांचं गणित वाचकांना ठाऊक नसेल. सनदी लेखापालांच्या संस्थेने सभासदांना निरंतर शिक्षणाचे, म्हणजे सीपीईचे तास घालून दिले आहेत. 2023 ते 2025 या तीन वर्षांच्या गटात साठीच्या आतल्या, प्रॅक्टिस करणाऱ्याला 120 तास होते आणि माझ्यासारख्या नोकरदाराला 60. माझे भरले. त्यातले बारा कसे भरले, ते सांगतो.

जानेवारी 2024. मोठ्या हॉटेलात दोन दिवसांचा परिसंवाद. दुसऱ्या दिवशी जेवणानंतरच्या सत्रात वक्त्याने प्राप्तिकर कायद्याच्या कलम 43बी मध्ये नव्याने आलेल्या (एच) या खंडाचा विषय काढला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तर फार तर 45 दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे द्याल त्याच वर्षी धरला जाईल. मी मान डोलावली. 43बी मला काय नवीन? बोनस असो, रजेचा पगार असो की सरकारी कर, 31 मार्चला देणं राहिलं तरी विवरणपत्राच्या मुदतीआधी देऊन टाकलं की वजावट मिळते, हे आर्टिकलशिपपासून, म्हणजे सीएच्या उमेदवारीपासून हाडात मुरलेलं. इथेही तसंच असणार, असं धरून मी बँकेच्या एका मेलला उत्तर लिहायला घेतलं.

खोटं कशाला बोलू, शंका आली होती. हात वर करून विचारावं, असंही वाटलं. पण मी पहिल्या रांगेत होतो आणि मागे आमच्याच ऑफिसातली दोन मुलं बसली होती. सीएफओने उठून असा बाळबोध प्रश्न विचारायचा? नाही विचारला. बाहेर पडताना हजेरीसाठी रांग होती, सही केली, अभिप्रायाच्या कागदावर ‘अतिशय उपयुक्त’वर खूण केली आणि घरी आलो.

21 मार्चला वर्षअखेरीची पेमेंटची यादी मी पुढे सरकवली, तेव्हा दोनच वर्षांपूर्वी सीए झालेली आमच्या विभागातली मुलगी म्हणाली, ‘‘सर, ही ऑक्टोबर धरून केलीय का?’’ मी म्हटलं, अर्थात, विवरणपत्राची मुदत ऑक्टोबरअखेरची आहे. तिने काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. कलमाच्या पहिल्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागात, नव्याने घातलेले मोजके शब्द होते: (एच) वगळून. म्हणजे ती जुनी सवलत इथे नाहीच. 31 मार्चपर्यंत पैसे गेले तर गेले, नाहीतर खर्च नामंजूर.

पुढचे दहा दिवस मी विसरणार नाही. आमच्या पर्चेस ऑर्डरवर वर्षानुवर्षं 90 दिवस छापलेले. कोण सूक्ष्म, कोण लघु, कोण मध्यम याची धड नोंद नाही. मध्यम उद्योगांना हे लागूच नाही, त्यामुळे आधी ते वेगळे काढायचे. पर्चेसवाल्यांनी एकेकाला फोन करून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उद्यम’ या सरकारी नोंदणीची प्रमाणपत्रं मागवली. कुणी पाठवलेला फोटो इतका तिरका, की नंबर वाचायला स्टोअर्समधल्या पोराचे डोळे लागले. मुदत उलटलेली बाकी निघाली 1 कोटी 80 लाखांची. आमच्या दराने कर झाला असता 45 लाखांच्या पुढे. पुढच्या वर्षी वजावट मिळाली असती हे खरं, पण रोख रक्कम आत्ताच गेली असती. त्यात शेवटच्या आठवड्यात सोमवारी धुळवड, शुक्रवारी गुड फ्रायडे आणि रविवारी 31 तारीख. कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेकडून उचल घेण्याची मर्यादा ताणून, बँक मॅनेजरच्या विनवण्या करून शनिवारी संध्याकाळी शेवटचं पेमेंट सोडलं.

सोमवारी भोसरीच्या पावडर कोटिंगवाल्यांचा फोन. पैसे मिळाल्याचा आनंद नाहीच, आवाज घाबरलेला. ‘‘साहेब, सगळा हिशेब चुकता केलात. काम बंद करताय का आमचं?’’ वीस वर्षांत त्यांनी आमच्याकडून वेळेवर आलेला पैसा पाहिलाच नव्हता. त्या फोनने मला जे शिकवलं, त्याचे तास कुणी देत नाही. पण ते असो.

माझं म्हणणं एवढंच, की पन्नाशीतल्या माणसाला नवं शिकवणं अवघड नाही, जुनं विसरायला लावणं अवघड आहे. आणि जुनं कुठे अडकलं आहे ते त्याने स्वतः तोंडाने कबूल केल्याशिवाय कळत नाही. तीनशे माणसांच्या हॉलमध्ये, आपल्याच कनिष्ठांसमोर आणि बँकवाल्यांच्या शेजारी बसून ते कबूल कोण करणार? आता तर अशा अडकण्याच्या जागा वाढल्या. 1 एप्रिल 2026 पासून 1961चा कायदा जाऊन 2025चा आला. टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कर कापायची, 194सी, 194जे ही कलमं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ. ती सगळी आता 393 मध्ये, पगाराचं तेवढं 392 मध्ये. ‘असेसमेंट इयर’ जाऊन ‘टॅक्स इयर’ आलं. नोव्हेंबर 2025 मध्ये कामगार संहिता लागू झाल्या, वेतनाची व्याख्या बदलली, ग्रॅच्युइटीची तरतूद पुन्हा मोजावी लागली. यातलं काय कळलं नाही, हे मी कुणाला विचारू?

गंमत पाहा. कंपनीशी हितसंबंध नसलेला, म्हणजे स्वतंत्र संचालक व्हायचं तर मानेसरच्या कॉर्पोरेट अफेअर्स संस्थेच्या डेटाबँकेत नाव घालावं लागतं आणि काही अनुभवी मंडळींचा अपवाद सोडला तर ऑनलाइन परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. कंपनी सेक्रेटरीला त्याच्या संस्थेचं सभासदत्व लागतं. सीएफओचं काय? 2013च्या कंपनी कायद्यातली त्याची व्याख्या एवढीच, की सीएफओ म्हणून नेमलेली व्यक्ती. पात्रतेचा शब्द नाही. नोंदलेल्या कंपनीत संचालक मंडळाची ऑडिट कमिटी त्याची पात्रता आणि अनुभव पाहते, पण नेमणुकीच्या वेळी, एकदाच. पुढे दरवर्षी शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे तो सीईओच्या बरोबरीने सही करून देतो, की हिशेबपत्रकांत काही असत्य नाही आणि अंतर्गत नियंत्रणांची जबाबदारी आमची आहे. तो सीए असेल तर त्याला निदान सीपीईचे तास तरी आहेत. नुसता एमबीए असेल तर तेही नाहीत.

म्हणून आणखी एक सक्ती आणा, असं मी म्हणणार नाही. सक्तीने हजेरीची रांग वाढेल, बस. ऑडिट कमिटीने मात्र वर्षातून एकदा आपल्या सीएफओला विचारावं, की यंदा तुमचा कोणता समज चुकीचा निघाला? प्रमाणपत्र मागू नये. उत्तर ऐकावं आणि पुढे जावं.

आणि भाषेचं. परिसंवाद इंग्रजीत असतो, त्याला माझी हरकत नाही, कायदा इंग्रजीतच आहे. पण चहाच्या टेबलाशी आल्यावर आम्ही सगळे मराठीत बोलतो आणि खरे प्रश्न तिथेच फुटतात. ‘‘अरे, ते 45 दिवस बिलाच्या तारखेपासून की माल स्वीकारल्यापासून?’’ हा प्रश्न मी हॉलमध्ये कधी ऐकला नाही, चहाजवळ तीनदा ऐकला. (माल स्वीकारल्यापासून.)

गेल्या वर्षापासून आम्ही सात जण महिन्यातून एका शनिवारी कुणा एकाच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये बसतो. फोर्जिंगवाला, वायरिंगवाला, एक औषध कंपनीतला, रांजणगावची एक बाई. वक्ता नाही, स्लाइड नाही, फोटो काढायचा नाही. ज्याची पाळी त्याने आपली स्वतःची एक चूक कागदपत्रांसकट आणायची. पहिल्या बैठकीला ती पेमेंटची यादी मी नेली होती. ती पाहून दोघांनी सांगितलं, की त्यांनीही ऑक्टोबरच धरला होता. त्यातल्या एकाला ते ऑडिटरने सांगितलं, मार्च उलटून गेल्यावर.

असे गट साताऱ्यात, कोल्हापुरात, बुटीबोरीत, वाळूजला निघाले तर बरं. कुणाला सुरू करायचा असेल तर आमची पद्धत लिहून द्यायला मी तयार आहे. पत्ता आपल्याकडे दिला आहे.

नाव छापू नये, ही विनंती. आमचे ऑडिटर आपलाच पेपर वाचतात.

आपला,
चाकणचा एक सीएफओ