शनिवारच्या सरावाला येण्यापूर्वी: एनव्हीडीए

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी सकाळी १० ते १ स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर) संकेतस्थळ तपासण्याचा सराव नेहमीच्या खोलीत आहे. विंडोज लॅपटॉप आणि तारेचे हेडफोन आणा. वीस लॅपटॉप एकदम बोलू लागले तर कोणालाच काही ऐकू येणार नाही.

आपण वापरणार तो स्क्रीन रीडर म्हणजे एनव्हीडीए. तो मोफत आहे, घरूनच उतरवून या. पहिल्यांदा सुरू होताना कॅप्स लॉकला एनव्हीडीए कळ (आज्ञा देताना इतर कळांसोबत दाबायची कळ) करा, कारण एरवी त्यासाठी लागणारी इन्सर्ट कळ बऱ्याच लॅपटॉपवर सापडत नाही.

एवढ्या कळा पाठ हव्यात:
- कंट्रोल: बोलणे थांबवा
- एच: पुढचे शीर्षक, के: दुवा, बी: बटण, एफ: फॉर्मचा रकाना
- एनव्हीडीए + एफ७: शीर्षके व दुव्यांची यादी
- एनव्हीडीए + स्पेस: वाचन आणि टंकन यांत अदलाबदल

नवशिके अडतात ते शेवटच्या कळेवर. रकान्यात शिरल्यावर एच दाबले की शीर्षकाकडे न जाता अक्षरच उमटते. साइट बिघडली असे समजू नका, आधी ही कळ दाबा.

मराठी पानासाठी एनव्हीडीए + कंट्रोल + एस दाबून ईस्पीक एनजी हा मराठी वाचू शकणारा आवाज निवडा. तरीही मजकूर विचित्र वाचला गेला, तर पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी नोंदली आहे का ते पाहा. हा दोष अहवालात जरूर लिहा.

तपासताना माऊस बाजूला ठेवा आणि पडद्याकडे पाहू नका. डोळे नकळत मदत करतात, आणि कोडमध्ये नाव नसलेले बटण निसटते. आपल्यातले अंध सभासद रोज स्क्रीन रीडरच वापरतात. कुठे अडखळायला होते हे त्यांना विचारा.

येणार असाल तर गुरुवारपर्यंत गटात कळवा.