ती शिवकालीन नाही, रिसाल्याची कार्बाइन आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत वाड्याच्या माळ्यावर सापडलेल्या बंदुकीचा फोटो आला आणि खाली बिनधास्त 'शिवकालीन बंदूक' छापलंय. अहो, फोटोत केप (ठोक्याने पेटणारी छोटी टोपी) बसवायचं निपल, म्हणजे बारीक नळकं, चक्क दिसतंय! महाराजांच्या काळात बंदुका मुख्यतः तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडणाऱ्या, आणि केपवर उडणारी इंग्रजांच्या लष्करात आली 1840 च्या आसपास, म्हणजे मधे दीडशे वर्षं गेली की.

वाईट याचं वाटतं की ती खरी जी आहे, म्हणजे घोडदळाची आखूड बंदूक (कार्बाइन), ती काही कमी भारी नाही. मला घोडदळाच्या जुन्या बंदुकांचा नाद आहे, त्यामुळे माझी नजर आधी डाव्या बाजूला जाते. तिथे लोखंडी दांडी आणि तिच्यावर सरकणारी कडी दिसली की ती स्वाराचीच, कारण खांद्यावरच्या पट्ट्याचा हूक त्या कडीत अडकवला की घोडा चौखूर उधळला तरी बंदूक पडत नाही. नळी आखूड असते, इंग्रजी घोडदळाच्या पेजेट कार्बाइनची तर फक्त 16 इंच. आणि दारू ठासायचा गज नळीच्या तोंडाशी हलत्या जोडणीने कायमचा अडकवलेला, कारण घोड्यावर बसून ठासताना गज हातातून निसटला तर लढाई सोडून खाली उतरून शोधणार कोण! चापाच्या पट्टीवर मुकुट धरलेला सिंह असेल तर माल ईस्ट इंडिया कंपनीचा, कंपनीचाच पण त्याही आधीचा असेल तर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा शिक्का असतो.

मराठी माणसाला तर यात जास्तच इंटरेस्ट वाटायला हवा. हिंदी रिसाल्यांत पुढे कितीतरी वर्षं चालली ती आपलीच शिलेदारी, घोडा-खोगीर-कपडे स्वाराचे आणि नंतरच्या काळात बंदूक-काडतूस तेवढं सरकारी. पूना हॉर्स ही घोडदळाची पलटण 1817 च्या पुण्याच्या तहानंतर उभी राहिली, खर्च पेशव्यांच्या माथी, आणि त्याच वर्षी कंपनी पेशव्यांशीच लढली. असा इतिहास असताना उगाच दीडशे वर्षं मागे ढकलायची गरज काय?

गरज बाजाराला आहे. 'शिवकालीन' म्हटलं की गिऱ्हाईक दुप्पट पैसे मोजतं, मग विकणारे कंपनीचा शिक्का पॉलिश पेपरने घासून टाकतात, बफिंग मारतात, दस्त्यावर व्हार्निश चढवतात. आम्हा संग्राहकांच्या लेखी तिथेच ती बंदूक मेली. गंज असू दे हो, मऊ फडक्याने तेलाचा हात फिरवा, बास.

त्या वाड्यातल्या मंडळींना मात्र एक जरूर कळवा. ठासणीची बंदूक माळ्यावर भरलेलीच राहिलेली असू शकते आणि काळी दारू कोरडी राहिली तर अनेक वर्षांनीही पेटते. नळीत लाकडी काठी हलकेच सोडून किती आत जाते ते बाहेरून नळीशी लावून बघा, बरीच कमी गेली तर हात न लावता पोलिसांना बोलवा. कागदपत्रांचंही बघा. अमेरिकेत 1898 पर्यंतचं हत्यार केंद्राच्या कायद्यात अँटिक धरतात, आपल्याकडे तसं सरसकट नाही, 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 प्रमाणे दुरुस्त करूनही उडणार नाही अशीच जुनी बंदूक सुटते. आणि शंभर वर्षांवरची वस्तू परस्पर परदेशी पाठवता येत नाही, 1972 चा पुरावस्तूंचा कायदा आहे, तेव्हा कुणी डॉलरची ऑफर घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा