जिवाणूंच्या मरणाला ‘बलिदान’ म्हणावे का?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जिवाणूंमधील नियोजित पेशीमृत्यूवर आलेला लेख वाचला. असा अवघड विषय मराठीत मांडल्याबद्दल लेखकाचे आभार मानतो, पण ‘समाजासाठी बलिदान’ या शब्दप्रयोगाच्या ओघात त्यांनी तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच माळेत ओवल्या आहेत, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट फेजची, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंची. ‘ई. कोलाय’ या आतड्यातील जिवाणूच्या पेशीत टी-४ नावाचा फेज शिरला की साधारण अर्ध्या तासात ती फुटते आणि शंभराच्या आसपास नवे फेज बाहेर पडून शेजारच्या पेशींकडे वळतात. काही वाणांत मात्र फेजची चाहूल लागताच पेशी प्रथिने जोडण्यासाठी लायसिन हे अमिनो आम्ल आणून देणारा वाहक आरएनएच कापून टाकते, आणि नवे फेज तयार होण्याआधीच स्वतःचा कारभार थांबवते. (टी-४ने यावरही तोड काढली आहे. तुटलेला आरएनए सांधणारी त्याची विकरे, म्हणजे एन्झाइम, आज प्रयोगशाळांत नेहमीची हत्यारे झाली आहेत.) शेजारच्या पेशी बहुधा एकाच पूर्वज पेशीच्या विभाजनातून झालेल्या, म्हणजे जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ तीच पेशी असतात. शिवाय फेज शिरलेली पेशी एरवीही सहसा वाचत नाही. तिच्या मरणाने सग्यासोयऱ्यांचे रक्षण होते हे खरे. पण जे हातचे जाणारच होते ते थोडे आधी सोडण्याला बलिदान म्हणायचे, तर देणाऱ्याने नेमके काय दिले याचा हिशेब आधी मांडायला हवा.

दुसरे उदाहरण ‘बॅसिलस सब्टिलिस’चे, आणि ते तर उलट्या बाजूचे आहे. शिळ्या पावाला तार सुटते ती बहुधा याच जिवाणूमुळे. उपासमार सुरू झाली की त्यातील काही पेशी बीजाणू, म्हणजे उपासमारीत तग धरणारे सुप्त रूप, बनण्याच्या वाटेला लागतात. परंतु ही वाट खर्चिक असते आणि एका टप्प्यानंतर परतीची नसते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की या पेशी एक मारक द्रव्य सोडतात, स्वतःपुरता त्यापासून बचाव करतात, आणि मागे राहिलेल्या भावंडांना फोडून त्यांच्यातील अन्नावर बीजाणू बनणे लांबणीवर टाकतात. मेलेल्या पेशींना कोणी विचारलेले नसते. याला भाऊबंदकी म्हणा, बलिदान नव्हे. याच जिवाणूचा बीजाणू पूर्ण झाल्यावर त्याला पोसणारी मातृपेशी विरघळून त्याला मोकळा करते. नेमून दिलेल्या मृत्यूचे इतके स्वच्छ उदाहरण हाताशी असताना लेखात त्याचा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले.

तिसरी गोष्ट ‘मॅझ-ईएफ’ या विष-प्रतिविष जोडीची, म्हणजे ‘ई. कोलाय’ची पेशी स्वतःच बनवत असलेल्या विषाची आणि त्याला आवरणाऱ्या उताऱ्याची. यातील विष टिकाऊ असते आणि प्रतिविष लवकर नष्ट होते, त्यामुळे प्रतिविषाची निर्मिती थांबली की विष मोकळे सुटते. हा पेशीच्या आत्मनाशाचा कार्यक्रम आहे, असे १९९६ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील हॅना एंगलबर्ग-कुल्का आणि सहकाऱ्यांनी मांडले. लेखात ते सिद्ध सत्य म्हणून आले आहे. वस्तुतः २००२ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवले की विषाने थबकलेल्या पेशी नंतर प्रतिविष मिळताच पुन्हा वाढू लागतात, आणि २००७ मध्ये अशा पाच जोड्या काढून टाकलेला वाणही ताण सोसण्यात मूळ वाणाहून वेगळा ठरला नाही. हा वाद ठाऊक असलेल्या लेखकाने त्याला निदान एक वाक्य द्यायला हरकत नव्हती.

हे केवळ शब्दांचा कीस काढणे नव्हे, कारण लेखाच्या शेवटी या ‘आत्मघाताच्या बटणा’वर बोट ठेवणारी औषधे प्रतिजैविकांची जागा घेतील, अशी आशा व्यक्त केली आहे. विषाने पेशी मरण्याऐवजी नुसती थबकली, तर बहुतेक प्रतिजैविके तिच्यापुढे लंगडी पडतात, कारण ती वाढत्या पेशीच्या चालू कामावरच घाव घालतात. पेनिसिलिनच्या माऱ्यातून मोजक्या पेशी अशा तगून राहतात, हे जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच नोंदवले होते, आणि ‘ई. कोलाय’मध्ये ज्या ‘हिप-ए’ जनुकातील बदलामुळे तगणाऱ्या पेशींचे प्रमाण वाढलेले आढळले, ते जनुक अशाच एका जोडीतील विषाचे आहे. क्षयाच्या जिवाणूत तर अशा जोड्या डझनावारी आहेत. तेथे हे बटण दाबल्यावर जिवाणू मरेल की नुसता झोपी जाईल, हा प्रश्न लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात यायला हवा होता.

आपला विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक