ताई, तुम्ही मला कारणं सांगितलीत

आहाराचा सल्ला देणाऱ्या प्रिय ताई,

गरोदरपणात काय खाऊ नये हे सांगणारे मला पुष्कळ भेटले. का खाऊ नये, हे सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच.

सुरुवातीला ओकाऱ्यांनी पोटात काही ठरत नव्हतं, आणि घरचे ‘आता दोन जीवांचं खा’ म्हणून मागे लागलेले. तुम्ही सांगितलंत की पहिल्या तिमाहीत जादा कॅलरींची गरज जवळपास नसतेच. दुसरीत रोज साधारण ३४० आणि तिसरीत ४५० जास्त पुरतात. केवढा धीर आला! फॉलिक ॲसिडच्या ४०० मायक्रोग्रॅमच्या गोळीबाबत मात्र तुम्ही ठाम होतात. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच मिटते. ती नीट मिटावी म्हणून ही गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची असते. हे मी आता प्रत्येक मैत्रिणीला सांगते.

हिमोग्लोबिन उतरलं तेव्हा लोहाची गोळी कशाबरोबर घेता, हे तुम्ही आधी विचारलंत. चहा-कॉफी लोह शोषू देत नाहीत, क जीवनसत्त्व मदत करतं, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यायची. न तापवलेलं कच्चं दूध नको, कारण त्यातून लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. कारण कळलं की पथ्याचा जाच वाटत नाही, भीतीही उरत नाही.

पण तुमचे खरे उपकार बाळंतपणानंतरचे. तोवर सगळ्यांचं लक्ष माझ्या ताटाकडे होतं. बाळ आलं आणि ताट विसरलं गेलं. तुम्ही फोनवर बाळाच्या वजनाआधी मी जेवले का ते विचारायचात. अंगावर पाजताना रोज साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे गरोदरपणापेक्षाही अधिक, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दुधातलं कॅल्शियम आईच्या जेवणावर फारसं अवलंबून नसतं. शरीर ते तिच्या हाडांतूनही काढून देतं, आणि दूध तुटल्यावर ती झीज बहुतेक भरून येते. आयोडीन आणि ब-१२ जीवनसत्त्वाचं तसं नाही. ते आईला कमी पडले की दुधातही कमी उतरतात. मी मांसाहार करत नाही, म्हणून ब-१२ ची तपासणी करायला तुम्हीच लावलंत.

‘हे खाल्लंस तर बाळाचं पोट दुखेल’ ही यादी तर रोज वाढत होती. तुम्ही ती जवळजवळ सगळी पुसून टाकलीत. बाळाला खरोखर त्रास होताना दिसला, तरच तो एक पदार्थ काही दिवस थांबवून बघायचा, एवढंच सांगितलंत. बाळंतिणीला अर्धपोटी ठेवणारी अशी यादी कुणाच्याच वाट्याला येऊ नये, असं मला फार वाटतं.

ताई, तुमच्यामुळे मी त्या दिवसांत पोटभर आणि निर्धास्त जेवले. धाकटी बहीण आता मूल होऊ द्यायचा विचार करते आहे. तिला आधीच तुमच्याकडे पाठवते आहे.

तुमची ऋणी,
एक आई